सरकारी बर्फातलं आलं

सरकारी दवाखान्यात औषधं नेहमी कमी पडतात, किस्से मात्र कधी कमी पडत नाहीत! त्यांच्यासाठी मागणीचा इंडंट भरावा लागत नाही, कुणा साहेबाची सही लागत नाही, आपोआप साठत जातात. मी पुसद तालुक्यातल्या एका गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तेव्हाचे इतके साठलेत की चार मित्र जमले आणि चहा पुढे आला की कुणीतरी म्हणतंच, "हां, तो अद्रकीचा सांग." अरे बाबांनो, तो एक नाही! ते पाच-सहा आहेत, आणि सगळे एकाच फ्रिजमधून निघालेत. गावाचं नाव तेवढं विचारू नका. तिथली माणसं अजून आहेत आणि माझ्यापेक्षा जास्त भांडखोर आहेत.

*

आमच्या दवाखान्याची पाटी सहा वर्षांत तीनदा रंगवली. आधी मुंबई राज्य, मग महाराष्ट्र, मग जिल्हा परिषद. फ्रिज मात्र एकदाच आला. पुसदहून बैलगाडीत, कुटाराच्या म्हणजे भुशाच्या थरावर, आडवा न करता उभा बांधून. गावात वीज नव्हती, त्यामुळे तो रॉकेलवर चालणारा. खाली टाकी, टाकीला वात, वातीवर चिमणी, आणि वरच्या कप्प्यात बर्फ!

तो पाहायला निम्मं गाव लोटलं. एका म्हाताऱ्यानं खाली वाकून ज्योत पाहिली, वर हात घालून बर्फ चाचपला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "खाली इस्तो अन् वर बरफ! काहून गरिबाची गंमत करून राह्यले, डॉक्टरसायेब?"

आमचे डॉक्टर साताऱ्याकडचे. शांत माणूस, आवाज चढवणं ठाऊक नाही. गर्दी पांगल्यावर त्यांनी मला आणि गोमाजी चपराशाला फ्रिजसमोर उभं केलं. म्हणाले, "वरच्या कप्प्यात देवीची लस राहणार. ज्योत निळी हवी. पिवळी झाली की काजळी धरेल, काजळी धरली की गारवा जाईल आणि गारवा गेला की लस मरेल. मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच असते, हे लक्षात ठेवा."

गोमाजीला प्रश्न विचारायची खोड. "अन् लस मेली तं मंग काय मरते, सायेब?"

"मुलं," डॉक्टर म्हणाले.

गोमाजीनं त्यानंतर प्रश्न विचारायचं सोडलं. फ्रिजचा चार्ज माझ्या नावावर लागला. त्या दिवसापासून रोज सकाळी देवाच्या आधी मी आरसा घेऊन त्या फ्रिजखाली वाकायचो आणि ज्योतीचा रंग पाहायचो. बायको म्हणायची, "माह्याकडे कधी इतक्या निरखून पायलं नाई तुमी!"

*

आता आलं आत कसं गेलं ते ऐका.

आमच्या सिस्टर शांताबाई वर्ध्याकडच्या. ओळीनं तीन बाळंतपणं करतील, पण अद्रकीचा चहा मिळाला नाही तर दिवसभर कुणाशी धड बोलणार नाहीत. आमच्याकडे आल्याला अद्रकच म्हणतात. ताजी अद्रक पुसदच्या बाजारात मिळायची. थंडीत ठीक होतं, पण उन्हाळ्यात आणलेली अद्रक आठ दिवसांत वाळून काडी व्हायची. बायका ती ओल्या वाळूच्या मडक्यात पुरून ठेवत. पण मे महिन्यात आमच्याकडे माणसांनाच पाणी नाही, तर वाळूला कोण घालणार?

एके दिवशी डॉक्टरांनी लशीच्या नळ्या मोजायला वरचा कप्पा उघडला. मागच्या बाजूला इंजेक्शनचा पुठ्ठ्याचा खोका दिसला. उघडून पाहतात तो आत बोटाएवढं, गाठीगाठींचं, पांढुरकं, दगडासारखं गोठलेलं काहीतरी! डॉक्टरांनी ते चिमट्यानं उचललं. चेहरा उतरला त्यांचा.

"सिस्टर, हे कुणाचं आहे?"

"माझं," शांताबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी घाईघाईनं त्यांच्या दोन्ही हातांची बोटं मोजली!

खुलासा झाल्यावर डॉक्टरांनी ती अद्रक बाहेर टेबलावर ठेवायला लावली. दुपारपर्यंत तिला पाणी सुटलं, अंग सैल पडलं आणि दाबली तर स्पंजसारखी लिबलिबीत. शांताबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "चांगली अद्रक मारली तुमी, सायेब. कडक असतानीच किसाची असते ते. एकदा पानी सुटलं का मेली. मंग पुन्हा कितीही गोठवा, जिती नाई होत!"

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हट्टानं पुन्हा प्रयोग केला. अद्रक धुतली, फडक्यानं कोरडी केली, सालासकट गोठवली आणि बाहेर काढल्या काढल्या किसणीवर धरली. सोलायची गरज नाही, एक धागा नाही, नुसता पांढरा भुगा. तो सरळ उकळत्या चहात! डॉक्टरांनी एक कप घेतला. दुसरा घेतला. मग म्हणाले, "सिस्टर, रजिस्टरमध्ये ज्याची नोंद नाही ते फ्रिजमध्ये नाही. आणि मी कप्पा उघडतो तेव्हा मला मागचं दिसत नाही."

अशी आमच्या सरकारी बर्फात अद्रकीची बदली झाली.

*

त्या पुठ्ठ्याच्या खोक्यानं मात्र एकदा आमचा जीव घेतला होता.

कापूस वेचणीचे दिवस. भर दुपारी गणपत नावाच्या गड्याला बाजेवर टाकून आणलं. पायाला साप चावलेला, पापण्या मिटत चाललेल्या. त्याची म्हातारी माय बाजेची कड सोडायला तयार नाही. डॉक्टर सिरिंज हातात घेऊन ओरडले, "सिरम!" डॉक्टर ओरडलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

मी धावलो. सिरम खालच्या फळीवर असायचं, पण घाईत हात गेला वरच्या कप्प्यात. सिरमचाच खोका, लेबल तेच. आणला, डॉक्टरांसमोर उघडला. आत अद्रक!

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर मी अजून विसरलो नाही. मी खोका तिथंच टाकून पुन्हा पळालो. फ्रिज ते टेबल असेल पंधरा पावलांचं अंतर, पण तेवढ्यात मी जे-जे नवस बोललो ते सगळे फेडायला दुसरा जन्म लागेल. सिरम मिळालं, सुई टोचली. मग सगळे नुसते बसून राहिलो. दिवेलागणीला गणपतनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

डॉक्टरांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. शांताबाईंनी मात्र दुसऱ्याच दिवशी अद्रक जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, डबीत हलवली.

पण गोष्ट तिथं संपती तर! गणपतच्या मायनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिनं गावात सांगितलं, "डॉक्टरनं पह्यले थंडी अद्रक काढली, माह्या पोराच्या समोर धरली. ते पाहूनच ईख मागं सरकलं. सुई तं नुसती नावाले!"

पुढचा साप चावलेला माणूस आला तो दंड छातीशी घट्ट धरून. जवळ येऊ देईना. "सुई राहू द्या, सायेब. पह्यले थंडी अद्रक दाखवा!"

समजावत बसायला वेळ नव्हता. मी मुकाट्यानं आत गेलो, जर्मनची डबी आणली, अद्रक त्याच्या डोळ्यांसमोर धरली. त्यानं ती नीट पाहून घेतली आणि दंड पुढे केला!

*

एका एप्रिलात फ्रिजनं मान टाकली. ज्योत निळीशार, चिमणी साफ, टाकी भरलेली, आणि वरच्या कप्प्यात कोमट हवा. पुसदहून लाकडाच्या भुशात घातलेला बर्फ आणवला, लस थर्मासात ठेवली, आणि रहीमभाईंना निरोप धाडला. रहीमभाई पुसदचे मेकॅनिक. स्टोव्ह, गॅसबत्ती, ट्रक, इंजिन, जे बिघडतं ते सगळं त्यांचं.

रहीमभाई एस.टी.नं आले. फ्रिजच्या पाठीला कान लावून बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग उठले, हात पुसले.

"इसको उल्टा करना पडेंगा."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे डोकं खाली, पाय वर. एक दिवस असाच ठेवा."

"अहो रहीमभाई, सरकारी वस्तू आहे ती!"

"सरकारी हाय म्हनून तं प्यारसे उल्टा करून राह्यलो, साब. घरचा असता तं लात मारली असती!"

रॉकेल काढलं, वात काढली आणि चौघांनी मिळून तो अडीच मणाचा फ्रिज डोक्यावर उभा केला. आतून काहीतरी गुडगुड वाजलं आणि मी फ्रिजची किंमत आपल्या पगारानं भागून पाहिली. चार्ज माझ्या नावावर ना! दिवसभर येणारा-जाणारा थांबून पाहायचा आणि मला विचारायचा, "काय पाप केलं जी यानं?"

दुसऱ्या दिवशी तो सरळ केला, जरा वेळ थांबून वात लावली. पण चालू झाला की नाही हे कळणार कसं? फ्रिजचं एकुलतं एक थर्मामीटर पूर्वीच फुटलं होतं. नव्याची मागणी केली की वरून उत्तर यायचं, "थर्मामीटर पाठविले आहे, पोच द्यावी." पोच मागणारी तीन पत्रं आली, थर्मामीटर आलं नाही!

रहीमभाईंनी शांताबाईंकडे ताजी अद्रक मागितली. बोटाच्या पेराएवढा तुकडा कप्प्यात ठेवला. "बाई, ये कडक हो गई तो फ्रिज जिंदा. नाई झाली तं मी माह्या घरी, तुमी तुमच्या घरी."

सगळा दिवस गेला. मी तीनदा उघडायला गेलो, तीनदा रहीमभाईंनी माझा हात झटकला. "गरम हवा जाते आत. बसा गुपचूप!" दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतः कप्पा उघडला, तुकडा घेतला आणि टेबलावर आपटला. टक्क! असा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी ज्योत पाहिल्यावर मी अद्रक दाबून पाहायचो. बर्फ काय, पुन्हा होतो. एकदा वितळून पुन्हा झालेला बर्फ आपलं तोंड उघडत नाही. अद्रक मात्र सगळं सांगते, एकदा सुटून पुन्हा गोठली तर चपटी बसते. डॉक्टरांनाही ते पटलं. त्यांना आता मागचंसुद्धा दिसायला लागलं!

*

आणि मग यवतमाळहून मोठे साहेब तपासणीला आले.

गडी शिस्तीचा. खिडकीवरची धूळ बोटानं पाहणारा. फ्रिजपाशी आला, ज्योत पाहिली, खूश झाला. कप्पा उघडला, नळ्या मोजल्या, बरोबर भरल्या. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात साहेबाचा हात मागे गेला आणि जर्मनची डबी बाहेर आली.

"हे काय?"

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. अद्रक आहे, फ्रिज मध्येच बंद पडून गेला असला तर ओळखता येतं, म्हणून ठेवतो.

"थर्मामीटर कुठं आहे?"

"फुटलं. चौदा महिने मागणी चालू आहे."

"म्हणजे चौदा महिने तुम्ही आल्यावर दवाखाना चालवता?"

शांताबाईंना राहवलं नाही. "त्याच्यावरच चालू हाय म्हनून चालू हाय, सायेब!"

साहेब चमकला. शेऱ्याचं पुस्तक मागवलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: 'लशीच्या कप्प्यात आले आढळले. पुन्हा आढळल्यास जबाबदार कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल.' मला वाचून दाखवायला लावलं. शांताबाईंच्या पगारावर वर्ध्याला त्यांचे दोन भाऊ शिकत होते, हे मला माहीत होतं. डबी साहेबाच्या समोर रिकामी केली.

मग चहा आला. साहेबानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "फिक्का लागतो. आलं नाही का तुमच्याकडे?"

शांताबाई म्हणाल्या, "होतं ना सायेब. आताच तुमी जप्त केलं!"

*

आता शेवटचा. हा मी हसत सांगू शकत नाही, तरी तोच आधी मागतात सगळे.

आमचा लस टोचणारा परशराम राठोड. आमच्याच भागातल्या एका बंजारा तांड्यातला, तांड्यातून सातवी पास झालेला पहिला. त्याच्या तांड्यात लसवाल्यांना कुणी उभं करत नसे. टोचलं की देवी कोपते, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. परशरामनं दोन वर्षं तांड्याच्या नायकाच्या, म्हणजे प्रमुखाच्या, बाजेपाशी बसून बसून त्याला राजी केलं. "मी टोचून राह्यलो, मी जिम्मेदार," असा शब्द दिला होता त्यानं.

चैत्रात तांड्यापलीकडे दोन कोसांवर एका गावी देवी निघाली. नेमका मी त्याच आठवड्यात भाच्याच्या लग्नाला पुसदला गेलो होतो. फ्रिज गोमाजीवर सोपवला. तीन दिवसांनी आलो, वाकून पाहिलं तर ज्योत निळी, कप्प्यात बर्फ. साहेबाच्या हुकमापासून अद्रक दाबायची बंद होती. मी माझ्या हातानं नळ्यांची डबी परशरामच्या थर्मासात ठेवली. संध्याकाळी तो परत आला तो उड्या मारतच. "भाऊ, त्रेसष्ट लेकरं! तांड्यात होतं ते एक लेकरू सुटलं नाई!" कागदावर पाठपोट नावं लिहिलेली यादी मला दाखवली.

तिसऱ्या दिवशी शांताबाई दुसऱ्या गावच्या बाळंतपणांवरून परत आल्या; मी लग्नाला गेलो तेव्हापासून त्या तिकडंच होत्या. चहा ठेवला असावा. थोड्या वेळानं त्या डॉक्टरांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या, एका हातात किसणी, दुसऱ्यात तीच जर्मनची डबी.

"सायेब, मले कामावरून काढाचं तं काढा. मी अद्रक ठेवली होती, बरफाच्या ट्रेमागं. पन आता हे पाहा."

डबीत अद्रक होती, कडकही होती. पण चपटी होऊन तळाला बसलेली, आणि तिच्याखाली पिवळ्या पाण्याचा बर्फ. किसणीला नुसते धागे लागलेले.

"हे सुटून पुन्हा गोठली," शांताबाई म्हणाल्या. "मी गेली तवा चांगली होती."

डॉक्टरांनी गोमाजीकडे पाहिलं. गोमाजी मटकन खाली बसला. "फुलसावंगीच्या बाजारात गेलतो, सायेब. टाकीत तेल हाय असं वाटलं. तथीच मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आलो तं इझून गेलती. पेटवली. सकाळी बरफ झालता. मले वाटलं, झालं."

त्रेसष्ट लेकरांच्या दंडावर मेलेली लस होती. तांडा निर्धास्त होता आणि देवी दोन कोसांवर.

मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. म्हणालो, "आठ दिवस पाहू ना, सायेब. टोचलेल्या जागी फोड धरले तं आपोआप समजन."

परशराम हळूच म्हणाला, "आठ दिवसांत देवी दोन कोस चालून येईन, भाऊ."

डॉक्टर त्याच दिवशी स्वतः यवतमाळला निघाले. जाण्याआधी रिपोर्ट लिहायला बसले. 'फ्रिज बंद पडल्याने लस निकामी झाली,' इथपर्यंत भराभर लिहिलं. 'कसे समजले?' या रकान्यापाशी पेन थांबलं. शांताबाई दारात उभ्या होत्या. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहिलं, 'प्रत्यक्ष तपासणीअंती.'

नवी लस आली. डॉक्टर परशरामला म्हणाले, "तांड्यात सांग, हा दुसरा डोस आहे. सगळं खरं सांगितलंस तर ते पुन्हा कधी सुई लावू देणार नाहीत. मुलं वाचणं महत्त्वाचं."

मलाही ते पटलं होतं. परशराम मान खाली घालून म्हणाला, "सायेब, दुसऱ्या गावात म्हटलं असतं तं बोललो असतो. पन ते माहा तांडा हाय. तथी मी खोटं बोलू नाई शकत."

डॉक्टरांनी थर्मास त्याच्या हातात दिला.

परशराम, शांताबाई आणि मी, तिघं सकाळीच निघालो. वाटेत परशरामनं विचारलं, "त्याईनं हाकललं तं काय करू?" तांड्यावर पोचलो तर नायक कडुनिंबाखाली बाजेवर बसलेला. आम्हाला पाहून माणसं जमली, बायका दारादारात आल्या. परशराम पुढे गेला, नायकाच्या पायांपाशी खाली बसला आणि त्यांच्या गोरबोलीत बोलला. मला शब्द कळले नाहीत, पण सगळे चेहरे बदलत गेले ते दिसलं. एक माणूस हातातली काठी टेकून पुढे सरकला.

नायकानं माझ्याकडे पाहून विचारलं, "मेलेली लस टोचली म्हंते हा. कसूर कोनाचा?"

परशराम तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणालो, "माहा. फ्रिज माह्या हाती होता. मी न पाहता लस देल्ली. यानं नुसती टोचली."

"अन् मेली हे कोनं सांगतलं?"

शांताबाईंनी डबी उघडून त्याच्यासमोर धरली. उन्हानं अद्रक सुटून पार लगदा झाली होती. नायकानं ती बोटानं दाबली, बोट हुंगलं आणि डबी परत दिली. "तुमी नसतं सांगतलं तं आमाले समजलं नसतं," तो म्हणाला.

"नसतं समजलं, काका," परशराम म्हणाला.

नायक उठला. झोपडीत गेला. काठीवाला माणूस दारापाशी जाऊन उभा राहिला. शांताबाईंनी माझी बाही घट्ट धरली. माझे पाय पळायच्या तयारीत होते, खोटं कशाला सांगू! परशराम मात्र जागचा हलला नाही.

नायक बाहेर आला तेव्हा त्याच्या कडेवर चार-पाच वर्षांचा मुलगा होता. परशराम त्या मुलाकडे पाहतच राहिला. यादीत ते नाव नव्हतं.

"त्या दिवशी मामाच्या गावाला गेलता ना हा?" परशरामनं विचारलं.

"कुठं नाई गेलता," नायक म्हणाला. "दान्याच्या कोठीमागं लपवला होता. आता याले पह्यले टोच."

मागच्या दारातली एक बाई वळून आत गेली. मग तिच्या शेजारची. मग पलीकडच्या ओळीतल्या दोघी. एकेका झोपडीतून त्या दिवशी लपवलेली पोरं बाहेर यायला लागली, कुणी रडत, कुणी ओढत आणलेलं, कुणी आईच्या ओढणीत तोंड लपवलेलं.

परशरामनं खिशातून ती दोन्ही बाजूंनी भरलेली यादी काढली. उलटून पाहिली. पुन्हा उलटून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, कागद हाय का आनखी?"